गरुडाची चोच

‘पुसले नाहीत आई, झाकलेत फक्त,’ सून म्हणाली. ‘पट्टी काढली की खाली तुमचे आकडे आहेत तसेच आहेत.’

‘चालत्याबोलत्या माणसाच्या तोंडावर चादर ओढायची आणि म्हणायचं, आत आहे तसाच आहे.’

‘अगं, एवढं काय आभाळ कोसळलं?’ मास्तर भिंगातून डोळा न काढता म्हणाले. ‘यादी कॉम्प्युटरवर चढवायची तर आकडे एकसारखे नकोत? तुझा सात एकासारखा दिसतो.’

‘एकतीस वर्षं नाही दिसला एकासारखा? की तेव्हा दुसरं कोणी आकडे काढणारं मिळालं नव्हतं?’

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. मुलगा कोचावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. त्यानं एक बूट बांधला होता आणि दुसरा न बांधताच निघून जावं की काय, असा त्याचा चेहरा झाला होता.

‘आई, खरं सांगू? तुझा सात मलाही कळायचा नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तू सही केलीस की वर्गात सगळे विचारायचे, तुझी आई डॉक्टर आहे का.’

‘तू गप्प बस. तुला आपल्या मोज्यांची जोडी कळत नाही.’

जेवणाच्या टेबलावर लाकडी चपटे पाच ट्रे मांडलेले होते. ट्रेमध्ये चौकोनी घरं आणि प्रत्येक घरात कोटाच्या बटणापेक्षा जरा मोठी, पांढरीशुभ्र प्लास्टरची चकती. एकूण दोनशे अकरा. ती रोमन नाण्यांच्या ठशांची मांदियाळी होती, आणि ती सगळी बाईंनी स्वतःच्या हातानं ओतलेली होती. प्रत्येक चकतीच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं त्यांनीच आकडा घातला होता. गेल्या दोन दुपारींत सुनेनं त्या दोनशे अकरा पाठींवर छापील पट्ट्या चिकटवल्या होत्या. सरळ, सुबक, एका मापाच्या. बाईंनी एक चकती उलटी करून पाहिली, दुसरी पाहिली, आणि मग बाकीच्या पाहायची गरज उरली नाही.

‘मला विचारायचं तरी,’ त्या म्हणाल्या.

‘विचारणारच होते. पण तुम्ही कामावर होतात.’

हेच तर होतं. बाई कामावर असायच्या.

गल्लीत त्यांना सगळे दातवाल्या बाई म्हणायचे. सतराव्या वर्षी त्या दातांच्या कवळ्या करणाऱ्या कारखान्यात लागल्या, त्याला आता एकोणचाळीस वर्षं होत आली. कारखाना म्हणजे दोन लांबट खोल्या, एक पॉलिशची मोटर आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर गावातल्या निम्म्या माणसांचे जबडे प्लास्टरमध्ये ठेवलेले. माणसाचं नाव बाई विसरत, जबडा विसरत नसत. रस्त्यात भेटलेला माणूस हसला की त्यांची नजर आधी वरच्या डाव्या सुळ्यावर जायची. कोपऱ्यावरचा चाव्या बनवणारा तर बाई दिसल्या की ओठ मिटूनच नमस्कार करायचा. त्याची कवळी दुसऱ्या कारखान्यातून आणलेली होती, आणि ते बाईंना ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं.

मास्तरही या कारखान्यातूनच त्यांच्या आयुष्यात आले. ते तेव्हा तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवायचे. एक दिवस काड्यापेटीत कापूस घालून, कापसात एक काळपट चांदीचं नाणं ठेवून ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, याचा हुबेहूब ठसा हवा, दातांच्या प्लास्टरमध्ये उत्तम उठतो असं वाचलंय. मालक म्हणाला, ‘इथं माणसाच्या तोंडातलं काम होतं. भंगाराचं नाही.’ बाईंनी जेवणाच्या सुट्टीत तो ठसा काढून दिला. साच्यात दाबायच्या आधी त्यांनी नाणं चिमटीत धरलं तसे मास्तर एकदम पुढे झाले. ‘तसं नाही. कडेनं धरायचं. तोंडावर बोट लागता कामा नये. घामानं चांदी डागते.’ आणि त्यांनी बाईंची दोन बोटं धरून नाण्याच्या कडेवर ठेवली. त्या दोन बोटांवर आपलं लग्न ठरलं, असं बाई पुढे लोकांना सांगायच्या.

मास्तरांचा छंद अरुंद होता. रोमन नाण्यांतलीसुद्धा फक्त लष्करी. दोन हजार वर्षांपूर्वी एका रोमन सेनापतीनं मोठ्या आरमारी लढाईआधी आपल्या सैनिकांचे पगार भागवण्यासाठी पाडलेली चांदीची नाणी. एका बाजूला वल्ह्यांचं लढाऊ जहाज, दुसऱ्या बाजूला पलटणीची दोन निशाणं आणि त्यांच्या मध्ये गरुड. खाली पलटणीचा क्रमांक. चांदीत तांबं मिसळलेलं, म्हणून लोकांनी ती साठवली नाहीत, वापरली. हातोहात फिरून ती पार गुळगुळीत झाली. मास्तरांकडे स्वतःची एकोणीस होती. बाकीची दुसऱ्या संग्राहकांकडून चार-आठ दिवसांपुरती मागून आणायची, बाईंनी ठसा काढायचा, नाणं परत. असे ठसे जमत गेले. रविवारी दुपारी मास्तर भिंग घेऊन बसायचे, बाई शेजारी. बाई पातळ हातमोजे घालून एकेक चकती पुढे करायच्या, मास्तर बोलायचे, बाई वहीत लिहायच्या. दोघांत दुसरं बोलणं फार नसायचं. पण लागायचंही नाही.

सून घरात येऊन सात महिने झाले होते. ती छपाईच्या कारखान्यात रंग जुळवायचं काम करायची. दोन लालांमध्ये तिला फरक दिसायचा, जिथे इतरांना एकच लाल दिसे. तिची पाळी सकाळची. दोन वाजता ती घरी. बाई घरी चार वाजता. मधले दोन तास टेबल, भिंग, ट्रे आणि मास्तर तिच्या वाट्याला यायचे.

त्या दोन तासांचा बाईंना हिशेबच लागत नसे. दारातून आत शिरताना टेबलावर दोन रिकामे पेले दिसायचे आणि मास्तरांचा आवाज यायचा, वर्गात असताना यायचा तसा, तरुण. एकदा त्या आत आल्या तेव्हा सहाव्या पलटणीचं नाणं, मास्तरांचं सगळ्यांत आवडतं, सुनेच्या उघड्या तळहातावर होतं. हातमोजा नाही, काही नाही.

‘घाम नाही का लागत चांदीला?’ बाईंनी विचारलं.

‘अगं, ती नवी मतं आहेत आता. हात स्वच्छ धुतले की चालतं म्हणतात. आणि हातमोज्यानं नाणं निसटतं.’

एकतीस वर्षं हातमोज्यात घामेजलेल्या बोटांकडे बाईंनी पाहिलं. मग त्यांनी भाजीची पिशवी ओट्यावर जरा जोरातच ठेवली. एक बटाटा घरंगळून टेबलाखाली गेला, तो उचलायलाही सूनच वाकली.

चिकटपट्ट्यांच्या भांडणानंतर चार दिवस बाई ठशांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी चार वाजता त्यांनी दार उघडलं तर दोघंही उभी होती. मास्तर तर चष्मा कपाळावर सरकवून, दोन्ही हात हवेत.

‘सापडला!’

‘कोण?’ बाईंना वाटलं, घरात उंदीर झालाय.

‘हिनं शोधला. ये, ये. आधी बघ. चपला राहू देत.’

सुनेनं कॉम्प्युटरचा पडदा बाईंकडे वळवला. पडद्यावर सात गरुड होते, प्रत्येक बशीएवढा मोठा केलेला. बाजूनं उजेड पाडून तिनं ठशांचे फोटो घेतले होते.

‘हे बघा आई,’ ती म्हणाली. तिच्या गालांवर लाली चढली होती. ‘पलटणी वेगवेगळ्या. तिसरी, सहावी, दहावी. म्हणजे नाणं पाडायचे साचे वेगळे. पण गरुड बघा. चोचीला टोकाशी बारीक हुक. आणि प्रत्येक पिसावर तीन रेघा. दोन नाही, चार नाही. सातही गरुडांना तीन. दोनशे अकरांमध्ये असे फक्त सात आहेत.’

‘एकच हात!’ मास्तर म्हणाले. ‘साचे कोरणारा एकच कारागीर. कळतंय का तुला? या नाण्यांवर इतकी माणसं बसली डोळे फोडत, कुणाला दिसलं नाही. माझ्या सुनेला दिसलं.’

‘माझ्या सुनेला’ हे शब्द बाईंच्या कानाला लागले. सून दोघांची होती. पण पाणी प्यायला आत जाताना त्यांना वाटलं, भांडायचं तर कशावरून भांडायचं? सर्वनामावरून?

त्या कारागिराचं नाव त्यांनी ठेवलं हुकवाला. आणि मग हुकवाला घरात राहायलाच आला. सकाळी मास्तर दाढी करताना हुकवाला. जेवताना हुकवाला. तो आधी सोनारकाम करत असेल का? तरुण असेल की म्हातारा? सून म्हणायची, म्हातारा नाही, हात थरथरत नाही कुठेच. मास्तर म्हणायचे, पण घाई नाही बघ त्याला. लढाई तोंडावर आलेली, हजारो सैनिकांचे पगार द्यायचेत, बाकीचे कारागीर कसाबसा गरुड उरकतायत, कोंबडीसारखा. आणि हा गृहस्थ बसलाय पिसं मोजत.

‘याला बायको नसणार,’ मुलगा म्हणाला. ‘असती तर वेळेवर घरी गेला असता.’

‘किंवा होती म्हणूनच जात नसेल,’ मास्तर म्हणाले, आणि तिघं हसली.

बाई पोळीला तूप लावत राहिल्या. त्यांच्या हातून तूप जास्तच पडलं. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर आपण जळतोय हे त्यांना कळत होतं, आणि कळल्यानं ते कमी होत नव्हतं. मास्तर म्हणाले होते, ‘असा हात आयुष्यात एकदा बघायला मिळतो.’ एकतीस वर्षं बाईंचे हात त्या घरात होते. त्यांनी केलेल्या कवळीनं मास्तरांची स्वतःची आई मरेपर्यंत पेरू खात होती. हाताबद्दल कोणी काही बोललं असेल तर ते एवढंच, की हात धुऊन ये, प्लास्टर लागलंय.

पुढच्या बुधवारी पॉलिशची मोटर जळाली आणि कारखान्याला सुट्टी मिळाली. सून आणि मुलगा कामावर, मास्तर ग्रंथालयात. घरात बाई एकट्या. त्यांनी ओटा पुसला, परत पुसला. मग टेबलाशी जाऊन बसल्या, भिंग डोळ्याला लावलं आणि वेगळे काढून ठेवलेले सात ठसे पुढे ओढले. बघू तरी कोण हा बाबा, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. मोठ्यानंच म्हणाल्या.

पहिल्या ठशाचं पीस. तीन रेघा. मधली खोल, डावी जरा आखूड, उजवी शेवटी किंचित बाहेर वळलेली. म्हणजे मधली आधी घातलीय, मग डावी, मग उजवी.

बाईंचं मनगट आपसूक हललं. मधली, डावी, उजवी. मेणाच्या हिरडीवर दाताच्या मुळाशी खाच घालताना त्यांचा हात रोज असाच जायचा. आजवर किती हजार वेळा गेला असेल.

त्यांनी भिंग ठेवलं, चष्मा काढून पदरानं पुसला, परत भिंग उचललं. चोचीचा हुक. प्लास्टर पातळ करून काडीच्या टोकानं एक थेंब सोडायचा, अर्धवट सुकला की पात्यानं खालून उचलायचा. सुळ्याला टोक काढतात तसा. त्यांनी चकतीच्या पाठीवरची छापील पट्टी नखानं उचकटली. खाली त्यांचा आकडा, अठरा. दुसरीवर एकवीस. सातही पहिल्या तिसांतले.

मग सगळं आठवलं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. मुलगा पोटात होता आणि डॉक्टरनं चार महिने पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्याच वेळी दिव्यांच्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकानं आपली नाणी मास्तरांना आठवडाभर दिली होती. मास्तर शाळेत. बाई उशीला टेकून, पोटावर ट्रे ठेवून ठसे ओतायच्या. साच्यातून बाहेर यायचे ते झिजलेले, बोथट गरुड. चोच नाही, पिसं नाही, नुसता एक गोळा. बाईंना ते तोंडात दात नसलेल्या म्हाताऱ्यांसारखे दिसले. आणि असा माणूस समोर आला की काय करायचं, एवढं एकच त्यांना येत होतं. त्यांनी गरुडांना चोची बसवल्या. पिसं घातली. सात गरुड झाले, तोवर नाणी परत गेली. मुद्दाम काही नव्हतं. कारखान्यात प्रत्येक ठसा असाच नीट करून पुढे द्यायचा असतो. तसा न दिला तर मालक फेकून मारायचा.

आठव्या महिन्यात मास्तरांनी एका जहाजाच्या ठशावर त्यांनी बुजवलेली चीर पाहिली. ते ओरडले नाहीत. पलंगाच्या कडेला बसून समजावून म्हणाले, ‘नक्कल म्हणजे नक्कल. झिजलंय ते झिजलेलंच ठेवायचं. चीर असेल तर चीर.’ बाईंनी तो ठसा नव्यानं ओतला आणि त्यानंतर कधी पातं लावलं नाही. गरुडांचं सांगायचं राहिलं. आधी भीती वाटली म्हणून, मग बाळ झालं म्हणून, मग विसर पडला म्हणून. दिवेवाला पुढे वारला, त्याच्या मुलांनी नाणी विकून टाकली. मूळ नाणी पाहायची सोय उरली नाही.

आधी बाईंच्या अंगावर गोड शहारा आला. असा हात आयुष्यात एकदा बघायला मिळतो! आठ दिवस हा माणूस आपल्या हातावर लट्टू झालाय आणि त्याला पत्ता नाही. मग त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षाही गोड होता. नाणेसंग्राहक मंडळाच्या वार्षिक अंकात हा लेख जाणार. तिथे कोणी ना कोणी ती सात नाणी कधी पाहिलेला, विकत घेतलेला निघेल. तो लिहील की या नाण्यांवर चोचही नाही आणि पिसंही नाहीत. मग सूनबाईंची नजर! माझ्या सुनेला दिसलं!

बाईंनी पट्ट्या पुन्हा जागेवर दाबून बसवल्या. आणि गप्प राहिल्या.

पुढचे तीन दिवस त्यांचं वागणं पाहून घर चकित झालं. ट्रे कुठेही असोत, त्या बोलत नव्हत्या. दोन पेले उचलून मुकाट्यानं विसळत होत्या. उलट जेवताना स्वतःहून विचारायच्या, ‘मग, काय म्हणतो तुमचा हुकवाला?’

‘आई, तुम्हाला पण आवडायला लागला ना?’ सून म्हणाली.

‘न आवडायला काय झालं. कष्टाळू दिसतो बिचारा.’

‘कष्टाळू नाही नुसता,’ सून म्हणाली. तिनं घास तसाच हातात धरला होता. ‘मला वाटतं, त्याला झिजलेलं बघवत नसणार. म्हणजे, तो गरुड बघतो आणि त्याला वाटतं, अरे, याला चोच द्यायला हवी. बाकीचे नाणी पाडत होते. हा गरुडाची काळजी घेत होता. मी काय वेड्यासारखं बोलतेय.’

‘नाही, नाही, बोल. हे लेखात घालू आपण,’ मास्तर म्हणाले.

बाई पाणी प्यायला उठून आत गेल्या. आतून त्यांना बाहेरची कुजबुज ऐकू येत होती. पेला हातात धरून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांत मास्तरांनी जे ओळखलं नाही, ते या पोरीनं सात महिन्यांत ओळखलं होतं. आणि तेही नेमकं हिनंच ओळखावं! त्यांना तिचा राग आला, तो आधीच्या रागापेक्षा वेगळा होता, जास्त टोचणारा.

शनिवारी संध्याकाळी लेखाची छापील प्रत टेबलावर होती. रविवारी अकराला मंडळाचे सचिव येऊन घेऊन जाणार होते. सगळे बाहेरच्या खोलीत बातम्या पाहत बसले असताना बाईंनी शेवटचं पान उलटलं. लेखन, मास्तरांचं नाव. शोध आणि छायाचित्रं, सुनेचं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत, ‘ठसे : घरगुती संग्रहातून.’

घरगुती. लोणच्यासारखं.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. या दोघांना तोंडघशी पडताना पाहायचं म्हणून त्या गप्प बसल्या होत्या, पण आता त्यांना दुसरंच दिसलं. हे दोघं पडतील ते पडतील. पण कोणी हरकत घेतलीच नाही तर? तर त्यांच्या बोटांचं काम कायमचं कुणा रोमन गड्याच्या नावावर जमा होणार. पलंगावर पडून, पोटावर ट्रे धरून, लाथा खात त्यांनी केलेली पिसं! तो कोण उपटसुंभ? आणि सांगावं, तर एकतीस वर्षं विश्वासानं वापरलेल्या ठशांत आपणच खोट घातली हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मास्तर परत त्यांच्या एकाही ठशावर विश्वास ठेवणार नाहीत. दोनशे चार ठसे खरेखुरे असूनही.

रविवारी सकाळी नऊ वाजता सगळे टेबलाशी चहा पीत असताना बाई आतून आल्या. हातात कारखान्यातलं मेण कोरायचं पातं, वाटीत पातळ कालवलेलं प्लास्टर आणि एक कोरा ठसा. तो त्यांनी पहाटे मास्तरांच्याच एका झिजलेल्या नाण्यावरून ओतला होता.

‘हे काय?’ मास्तर म्हणाले. ‘आज कशाला? सचिव येणार आहेत.’

बाई खुर्ची ओढून बसल्या. काडीनं थेंब सोडला, फुंकर घातली, थांबल्या. पात्यानं खालून उचलला. मग पिसं. मधली, डावी, उजवी. मधली, डावी, उजवी. मुलगा काही विनोद करायला गेला आणि तसाच राहिला. दहा-बारा मिनिटांनी बाईंनी ठसा फुंकून साफ केला आणि मास्तरांपुढे सरकवला. भिंगही.

मास्तरांनी पाहिलं. मग त्यांनी सातांतला एक उचलून शेजारी धरला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

‘तू?’

‘मी. अठरा, एकवीस आणि बाकीचे पाच. दिवेवाल्यांची नाणी. हा पोटात होता तेव्हा.’

‘माझ्यावर कशाला?’ मुलगा म्हणाला, पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

‘खाडाखोड केलीस?’ मास्तरांचा आवाज चढला. ‘माझ्या ठशांत? आणि एकतीस वर्षं बोलली नाहीस? मी लेखात काय काय लिहून बसलोय! दुसऱ्या कशात हात घातलायस ते तरी आता सांगणार आहेस का?’

‘त्या जहाजाच्या चिरेत घातला होता, तो तुम्ही पकडलात. त्यानंतर नाही.’

‘कशावरून?’

हा प्रश्न येणार हे बाईंना माहीत होतं. तरी तो लागला. त्या काही बोलणार तेवढ्यात सुनेनं हात पुढे केला. तिचे डोळे भरलेले होते. लेख गेला, शोध गेला, नाव गेलं. ती काहीतरी लागेल असं बोलेल म्हणून बाई तयारच होत्या.

‘आई, हुक कशानं उचललात? यानंच?’

तिनं पातं घेतलं. बाईंनी पाहिलं, तिनं ते बरोबर धरलं होतं. तर्जनी पाठीवर, अंगठा मागे. कारखान्यात नव्या मुलींना हे शिकवायला महिना लागायचा. हिला हेही येणार.

‘म्हणजे मी तुमचेच गरुड बघत होते इतके दिवस,’ सून म्हणाली. ‘आणि तुम्ही मला विचारत होतात, काय म्हणतो हुकवाला.’

‘हो.’

‘मी तोंडावर पडायची वाट बघत होतात ना?’

‘हो,’ बाई म्हणाल्या. खोटं बोलायला त्यांना सुचलंच नाही.

सून हसली की रडली ते नीट कळलं नाही. तिनं पदर नसलेल्या खांद्याला नाक पुसलं. मास्तर उठून खिडकीशी गेले होते आणि तिथूनच बोलत होते, सचिवांना काय सांगू, मंडळात काय तोंड दाखवू, दोनशे अकरा ठशांचं आता करायचं काय, कचऱ्यात टाकू?

‘सचिवांना मी आठ वाजताच फोन केलाय,’ बाई म्हणाल्या. ‘लेख जाणार नाही. ते येणार नाहीत.’

मास्तर वळले. बाईंनी वाटीतलं उरलेलं प्लास्टर कागदावर ओतलं, कागद दुमडला आणि उभ्या राहिल्या.

‘उद्यापासून मी कारखान्यात अर्धाच दिवस जाणार. मालकाला सांगून झालंय. दुपारी दोन ते पाच या टेबलावर एकेक ठसा तपासायचा. कुठे पातं लागलंय आणि कुठे नाही, ते मी सांगणार आणि ही फोटो काढणार. आम्ही दोघीच. तुम्ही त्या वेळात ग्रंथालयात जायचं. दोनशे अकरा झाल्याशिवाय तुम्हाला भिंग मिळणार नाही.’